चतुराचा पंख खरा कुठपर्यंत?

प्रश्न : माझ्याकडे नुकत्याच दोन वस्तू आल्या. पहिली म्हणजे ब्राझीलच्या क्रॅटो भागातली म्हणून विकलेली, तळहाताहून जरा मोठी पिवळसर चुनखडीची पाटी. तिच्यावर चतुर आहे, चारही पंख पसरलेला, या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण ९ सेंटिमीटर. अंग गंजाच्या रंगाचं आणि किंचित उठावदार आहे, पंखांवरच्या शिरा मात्र फारच ठळक आणि काळपट दिसतात. पाटीला एक भेग आहे, ती डाव्या पंखांवरून जाते. दुसरी वस्तू म्हणजे बाल्टिक अंबरचा, म्हणजे झाडाच्या दगडासारख्या झालेल्या प्राचीन राळेचा खडा, त्यात मधोमध एक माशी. दोन्ही परत करायला दहा दिवसांची मुदत आहे. एकाने सांगितलं, अ‍ॅसिटोनने पुसून बघ, रंग असेल तर निघेल. पुसू का? आणि घरच्या घरी खरंखोटं कितपत कळतं?

उत्तर : अ‍ॅसिटोनची बाटली आज उघडू नका. पुसलेली पाटी विकणारा परत घेणार नाही. शिवाय ठिसूळ जीवाश्मावर मजबुतीसाठी प्रामाणिकपणे लावलेला पारदर्शक थरही अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो आणि त्याबरोबर खरे कणही सुटून येतात. तुम्हाला हवं असलेलं बहुतेक उत्तर भिंग आणि टॉर्च यांच्या जोरावर, पाटीला काहीही न लावता मिळतं.

त्याआधी प्रश्न जरा बदलून घ्या. ‘चतुर खरा की खोटा?’ असं विचारत पाटीकडे गेलात तर फसण्याची शक्यता जास्त. संपूर्ण बनावट किडा ओळखणं त्यामानाने सोपं असतं. अवघड असतो तो अर्धा खरा : अंग अस्सल, दोन पंखही अस्सल, आणि दगडाच्या पापुद्र्याबरोबर उडून गेलेली उरलेल्या पंखांची टोकं कुणीतरी कुंचल्याने पुरी केलेली. म्हणून एका कागदावर चतुराची बाह्यरेषा मोठी करून काढा आणि प्रत्येक अवयवाला वेगळा प्रश्न विचारा, ‘हा दगडाचा की हाताचा?’ जिथे खात्री पटेल तिथे तशी खूण करा, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. तासाभरात त्या कागदावर एक नकाशा तयार होईल आणि पुढची प्रत्येक चाचणी नेमकी कुठे करायची ते तोच सांगेल.

क्रॅटोच्या पाट्यांमध्ये रंगकामाचा मोह का होतो ते आधी समजून घ्या, म्हणजे नजर कुठे ठेवायची ते कळेल. ही चुनखडी अर्ली क्रेटेशियस काळातली, सुमारे ११ ते १२ कोटी वर्षांपूर्वीची, अगदी बारीक कणांची आणि पापुद्र्यापापुद्र्यांची. किड्याच्या अंगाच्या जागी आधी पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज बसलं आणि पुढे झिजेत त्याचं गोएथाइट, म्हणजे लोखंडाचं गंजासारखं खनिज झालं. म्हणून झिजलेल्या पिवळ्या दगडात अंग तांबूस-तपकिरी आणि चक्क जाडी असलेलं मिळतं. तुम्ही सांगता तो गंजाचा रंग आणि उठाव या दगडाला शोभणारा आहे. पण हे गोएथाइट भुसभुशीत असतं. पाटी फोडताना पाय, मिशा, पंखांची टोकं एक तर जोडीच्या, म्हणजे फोडल्यावर निघणाऱ्या दुसऱ्या अर्ध्या पाटीवर जातात किंवा भुगा होऊन पडतात. खाणीतून निघालेला बहुतेक माल असा अपुराच असतो, आणि पुऱ्या चतुराला गिऱ्हाईक जास्त. नेमक्या याच जागा, म्हणजे पंखांची टोकं, पाय आणि मिशा, आधी तपासा.

आता उजेड. खोलीतले दिवे बंद करा. पाटी टेबलावर आडवी ठेवा आणि साधा पांढरा टॉर्च जवळजवळ टेबलाला टेकवून धरा, १० ते १५ अंशांच्या तिरप्या कोनात. मग टॉर्च तिथेच ठेवून पाटी हळूहळू पूर्ण गोल फिरवा. फिरवणं महत्त्वाचं, कारण ज्या रेषा उजेडाच्या दिशेने धावतात त्यांची सावली पडत नाही आणि त्या नजरेतून निसटतात. १० पट भिंग डोळ्याजवळ धरून पाटी त्याच्याकडे आणा. उलटं करू नका, चित्र धूसर दिसतं. टॉर्च कोणत्या बाजूला आहे हेही लक्षात असू द्या. ते विसरलं की खळगा उंचवटा वाटतो आणि उंचवटा खळगा.

चतुराचा पंख सपाट पडदा नसतो. त्याच्या मुख्य शिरा आळीपाळीने एक वर, एक खाली अशा असतात, घडीच्या पंख्यासारख्या. दगडात दबल्यावरही ही चुणी थोडी उरते. तिरप्या उजेडात अंगाजवळच्या शिरांना सावली पडते आणि त्याच शिरा टोकाकडे जाताना एकदम सपाट होतात, पण रंग मात्र गडदच राहतो, असं दिसलं तर तो सांधा कागदावर मांडा. खरा पंख तिथे संपला असण्याची दाट शक्यता आहे.

भिंगाखाली रंग कसा दिसतो? दगडाचे कण वेगवेगळे चमकतात. रंग त्यांच्यावर पांघरूण घालतो, कणांमधल्या बारीक खळग्यांत साचतो आणि उंच कणांच्या माथ्यावर विरळ होतो. सुकताना तो कडेला सरकतो, म्हणून रंगवलेल्या रेषेच्या दोन्ही कडा मधल्या भागापेक्षा गडद असतात. कुंचला जिथे टेकला तिथे थेंबासारखी जाड सुरुवात आणि जिथे उचलला तिथे निमुळतं टोक. खनिजाची शीर अशी सुरू होत नाही आणि अशी संपतही नाही. ती जिथे तुटते तिथे खडबडीत, कण सुटल्यासारखी तुटते.

तुमच्या पाटीवरची भेग ही तर सगळ्यात उपयोगाची जागा. दगड फुटण्याआधी शीर तिथे होती, म्हणजे भेगेने तिला कापायला हवं. भेगेच्या अलीकडे शीर संपते, मध्ये फट किंवा भरणी, पलीकडे शीर पुन्हा सुरू होते, कदाचित केसभर सरकलेली. याउलट शीर भरणीवरून अखंड चालत गेली असेल तर ती भरणीनंतर काढली आहे, यात दुसरा अर्थ निघत नाही. भेग उघडी असेल तर तिच्या आतल्या भिंतीवर भिंग धरा. तपकिरी रंग आत ओघळला आहे आणि तोही फक्त जिथे शिरा भेगेला भेटतात तिथेच, तर तो कुंचल्याचा. लोहयुक्त पाण्याचे नैसर्गिक डागही भेगेत उतरतात, पण ते भेगेच्या लांबीभर पसरतात आणि त्यांच्या कडा विरघळल्यासारख्या असतात. तसेच झाडाच्या फांद्यांसारखे काळे फाटे दिसले तर घाबरू नका. मँगनीजच्या खनिजाची ती नैसर्गिक नक्षी असते.

भेगांबद्दल आणखी एक. नैसर्गिक भेग पाटीच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जाते किंवा वाटेत हळूहळू विरते. किड्याच्या डोक्याभोवती किंवा एका पंखाभोवती फिरून स्वतःलाच येऊन मिळणारी रेष ही भेग नसते, तो दुसऱ्या दगडाचा बसवलेला तुकडा असतो. अशा वेळी पाटीची जाडी कडेने बघा. पापुद्र्यांचे पट्टे दोन्ही बाजूंना जुळतात का? मागे आधाराला दुसरी पाटी चिकटवणं वेगळं. पातळ दगड टिकवण्यासाठी ते सर्रास करतात आणि त्यात लबाडी नाही, फक्त ते सांगितलेलं असावं.

पापुद्र्यांचीही साक्ष काढा. किडा एका थरावर पडलेला असतो. पाटीचा पृष्ठभाग जिथे पायरीसारखा एक पापुद्रा वर चढतो तिथे खरा पाय त्या पापुद्र्याखाली शिरतो आणि दिसेनासा होतो. रंगवलेला पाय पायरी चढून वर येतो. ही चूक चांगले कारागीरही करतात, कारण चित्र काढणाऱ्याची नजर आकारावर असते, थरावर नसते.

मग शरीररचना. सहा पाय आणि चार पंख, सगळे छातीला जोडलेले, पोटाला एकही नाही. पायाला पेरं असतात, आणि मांडीचं पेर व नडगीचं पेर यांच्यामध्ये स्पष्ट कोन असतो. रंगवलेले पाय दोऱ्यासारखे वळतात. चतुराच्या मिशा अगदी आखूड, केसासारख्या. लांब ऐटदार मिशा दिसल्या तर त्या कुणीतरी दिलेल्या आहेत. मागचा पंख बुडाशी पुढच्यापेक्षा रुंद असायला हवा. चारही पंख सारखे आणि बुडाशी निमुळते असतील तर तो चतुर नाही, त्याचा सडपातळ भाऊबंद टाचणी नावाचा किडा असेल. पुढच्या कडेच्या साधारण मध्याजवळ एक खाच आणि टोकाजवळ कडेलाच लांबट गडद ठिपका असतो, तो चारही पंखांवर शोधा. पुढच्या कडेची शीर जाड आणि मागच्या कडेकडे शिरा बारीक होत जातात. जाळीची घरंही बदलतात : पुढे चौकोनी, मागे लहान होत पाच-सहा कोनांची. कुंचल्याची जाळी बहुतेकदा सगळीकडे एकाच जाडीची आणि मच्छरदाणीसारखी एकसारखी होते. डावा-उजवा पंख आरशातल्यासारखे हवेत, पण शेवटच्या घरापर्यंत तंतोतंत जुळावेत अशी अपेक्षा धरू नका, जिवंत चतुराचेही तसे जुळत नाहीत.

रंग नसलेली फसवणूकही असते, सुईने कोरलेली. कोरलेल्या चरीत दगडाचे कण चिरडून पांढुरके होतात आणि चरीची रुंदी यंत्रासारखी एकसारखी राहते. खऱ्या ठशात पृष्ठभागाचा पापुद्रा न तुटता खळग्यात उतरतो. राळ ओतून केलेली नक्कल हातात घेतल्यावर हलकी आणि दगडापेक्षा उबदार लागते, आणि भिंगाखाली गोल बुडबुड्यांची छिद्रं दिसतात. पाठीवर व्हिनेगरचा थेंब टाकून फेस येतो का पाहण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण राळेत चुनखडीची पूड मिसळली असेल तर तिलाही फेस येतो.

यानंतर अतिनील टॉर्च. ३६५ नॅनोमीटरचा घ्या. स्वस्तात मिळणारे ३९५ चे टॉर्च इतका जांभळा उजेड सांडतात की मंद चकाकी त्यात बुडते. अतिनील किरण अडवणारा चष्मा घाला, मऊ ब्रशने धूळ आणि कापसाचे तंतू झटका (तेही चकाकतात), अंधारात डोळे दोन-तीन मिनिटं सरावू द्या. आधी पाटीची पाठ बघा, म्हणजे निव्वळ दगड कसा दिसतो ते कळेल, मग पुढची बाजू. गोंद आणि भरणी बहुधा निळसर-पांढरी उजळतात. रंग पिवळट उजळू शकतो, किंवा अजिबात न उजळता काळा राहतो. म्हणून ‘काय चकाकतं’ यापेक्षा ‘चकाकी कुठे बदलते’ हे बघा. एकाच पंखाचा अर्धा भाग एका छटेत आणि अर्धा दुसऱ्या छटेत, मध्ये स्वच्छ सीमारेषा, ही खूण बोलकी. ती सीमा तुमच्या कागदावरच्या सांध्याशी जुळते का, तेही पाहा.

या पद्धतीची ताकद २०१९ मध्ये दिसली. चीनच्या यीशियन थरांतला एक मोठा कोळी नवी प्रजाती म्हणून ‘मंगोलॅरॅक्ने चाओयांगेन्सिस’ या नावाने जाहीर झाला होता. जीवाश्म-अभ्यासक पॉल सेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो फ्लुओरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तेव्हा चार वेगवेगळ्या छटा दिसल्या : भेगेची दुरुस्ती पांढरी, दगड निळा, मूळ प्राण्याचं कवच मंद लाल आणि पायांचा बराच भाग पिवळा, म्हणजे बहुधा तैलरंग. मूळ प्राणी गोड्या पाण्यातला क्रेफिश, म्हणजे झिंग्यासारखा कवचाचा प्राणी होता, त्याला कोळ्याचे पाय रंगवून दिले होते. दगड अस्सल, प्राणीही अस्सल, फक्त पाय माणसाचे. अभ्यासकही त्यात फसले, तेव्हा तुम्हाला शंका घ्यायला संकोच वाटायचं काही कारण नाही.

इथपर्यंत पोचल्यावरही शंका उरली आणि पाटी परत करायची नाही असं पक्कं झालं, तरच ओल्या चाचण्या. सगळ्या बाजूंचे फोटो काढून झाले पाहिजेत. जागा अंगापासून लांब, संशयित शिरेच्या टोकाची, तांदळाच्या दाण्याएवढी. क्रम असा : पाणी, मग अल्कोहोल, मग अ‍ॅसिटोन. कापसाची काडी भिजवून टिपकागदावर दाबा म्हणजे ती फक्त दमट राहील. दोन-तीन सेकंद टेकवा, घासू नका. घासलं तर खरं गोएथाइटही सुटून येतं आणि तुम्ही त्याला रंग समजाल. कापूस पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाने बघा. एकसंध पसरलेला डाग म्हणजे रंग किंवा शाई. सुटे तांबूस कण म्हणजे खनिज. रंगहीन चिकटपणा म्हणजे मजबुतीचा थर, आणि तो दिसला की तिथेच थांबा. अल्कोहोलचा आणखी एक उपयोग आहे : त्याने ओलावलेल्या जागी खऱ्या शिरा अर्धा मिनिट अधिक स्पष्ट होतात, मग ते उडून जातं. अ‍ॅसिटोन वापरताना खिडक्या उघड्या ठेवा, जवळ ज्योत नको. आणि कापूस स्वच्छ निघाला म्हणजे पाटी निर्दोष ठरली, असं नाही. इपॉक्सीत, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या कृत्रिम राळेत कालवलेला रंग एकदा घट्ट झाला की यातल्या कशालाच दाद देत नाही. शेलच्या, म्हणजे चिखलाच्या पातळ थरांच्या पाटीवर पाणी वापरूच नका, पापुद्रे सुटतात.

आता अंबर. इथेही ‘कुठपर्यंत खरं’ हाच प्रश्न, कारण राळ आणि माशी यांची परीक्षा वेगवेगळी आहे. आधी राळ. २५० मिलिलिटर पाण्यात ७५ ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा आणि खडा सोडा. अंबरची घनता १.०५ ते १.१० असते, म्हणून ते तरंगतं. काच आणि बेकेलाइट हे जुन्या धर्तीचं प्लास्टिक बुडतात. पण कोपल ही कोवळी राळ, पॉलिस्टायरिन आणि काही इपॉक्सीही तरंगतात, तेव्हा ही चाचणी फक्त काहींना बाद करते. नंतर खडा साध्या पाण्याने धुवा. कोपलसाठी, आणि खडा ठेवून घ्यायचं ठरल्यावरच, मागच्या बाजूला अ‍ॅसिटोनचा एक छोटा थेंब : कोपल चिकट होतं, अंबर होत नाही. कोपलमधला किडा बनावट नसतो, पण तो कोट्यवधी वर्षांपूर्वीचाही नसतो. तापलेली सुई टोचू नका, भोक कायमचं राहतं आणि उष्णतेने तडे जातात.

माशीची गोष्ट निराळी. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये बाल्टिक अंबरमधली एक माशी होती, आजही सगळीकडे आढळणाऱ्या ‘फॅनिया स्कॅलॅरिस’ या प्रजातीची. विली हेनिग यांच्यासारख्या दिग्गज कीटकशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये ती अस्सल धरून तिच्यावर लिहिलं. १९९३ मध्ये जीवाश्म-अभ्यासक अँड्र्यू रॉस यांना कळलं की खडा कापून, एका अर्ध्यात पोकळी कोरून, आजची माशी आत ठेवून दोन्ही अर्धे चिकटवले होते. अंबर मात्र शंभर टक्के खरं होतं. मीठपाण्याची काय, प्रयोगशाळेतली अवरक्त वर्णपटाची चाचणीसुद्धा ते उत्तीर्ण झालं असतं.

म्हणून सांधा शोधा. दोन भाग साखर, एक भाग पाणी असा पाक करून पूर्ण गार होऊ द्या आणि पारदर्शक भांड्यात खडा त्यात काही मिनिटं बुडवा. पृष्ठभागाची चमक मरते आणि आतलं स्वच्छ दिसतं. भांडं फिरवत राहा. माशीला छेदून जाणारी एक सपाट पातळी आणि तिच्यावर एकाच प्रतलात पसरलेले चपटे बुडबुडे दिसले तर तो चिकटवलेला सांधा. खऱ्या राळेच्या प्रवाहरेषा वक्र असतात आणि बुडबुडे वेगवेगळ्या खोलीवर. नंतर कोमट पाण्याने पाक धुवा आणि अतिनील उजेडात खड्याची कड बघा. गोंदाची रेष खड्यापेक्षा वेगळी उजळते.

माशीची बसण्याची ढबही बघा. राळेत अडकलेला किडा धडपडतो : पाय वेडेवाकडे, एखादा तुटून बाजूला, पंख दुमडलेला, अंग खड्याच्या कडेला. आधीच वाळलेला किडा आत ठेवला तर पाय पोटाशी दुमडलेले असतात आणि तो नेमका मधोमध, फोटोसाठी बसवल्यासारखा असतो. बाल्टिक अंबरमध्ये अंगाच्या एका बाजूला दुधी पापुद्रा आणि ओकच्या झाडाचे चांदणीसारखे बारीक केस आढळतात. ते दिसले तर जमेची बाजू, नसले तर दोष नव्हे.

मुदतीत विकणाऱ्याला लेखी विचारा : कोणते भाग रंगवले, भरले किंवा बसवले आहेत, मजबुतीला काय लावलं आहे, जोडीची पाटी कुठे आहे. पाटी कोरडी असताना तिरप्या उजेडातले, पाठीचे आणि चारही कडांचे मूळ फोटो मागा. ओल्या पाटीच्या फोटोत सगळंच ठळक दिसतं. त्याच पत्रात पाटी ब्राझीलबाहेर कोणत्या परवानगीने आली तेही विचारा. तिथे १९४२ च्या कायद्याने जीवाश्म सरकारच्या मालकीचे आहेत, आणि त्यामुळे चतुर शेवटच्या शिरेपर्यंत खरा निघाला तरी हा प्रश्न उरतोच. समाधानकारक उत्तर आलं नाही तर पाटी परत करा.

आणि ठेवायचं ठरलंच, तर रंग खरवडू नका. त्याच्याखाली खऱ्या शिरा झाकलेल्या असू शकतात आणि त्या सोडवणं संवर्धकाचं काम आहे. तुमचा तो खुणांचा कागद, फोटो आणि तारीख पाटीसोबत ठेवा, आणि पाठीवरच्या चिठ्ठीत स्पष्ट लिहा की कोणता पंख कुठून पुढे रंगवलेला आहे.